‘टीन टायटन्स गो!’ : कॉमिक आधीचं, विनोदी मालिका नंतरची

‘टीन टायटन्स गो!’ हे कॉमिक २०१३च्या याच नावाच्या विनोदी कार्टून मालिकेवरून काढलं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. साफ चूक. रॉबिन, स्टारफायर, रेव्हन, सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय या किशोरवयीन सुपरहिरोंची ‘टीन टायटन्स’ ही आधीची कार्टून मालिका २००३ साली आली. डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेचं हे कॉमिक बेतलंय ते तिच्यावर. लेखन जे. टॉरेस यांचं, चित्रं बहुतेक टॉड नॉक यांची. नावातला ‘गो’ म्हणजे लढाईत उतरताना रॉबिन ठोकतो ती आरोळी : ‘टायटन्स, गो!’

मालिका २००६मध्ये आटोपली, कॉमिक मात्र २००८पर्यंत चाललं. एकूण ५५ अंक. खरा घोळ पुढे झाला. विनोदी मालिकेवरही कॉमिक निघालं आणि त्यालाही हेच नाव दिलं. (दुसरं नाव सुचत नव्हतं का?)