अमेरिकेत स्नॅपसाठी अर्ज: कोण पात्र, कागदपत्रं कोणती आणि अर्ज कुठे अडतो

२०२३ साली अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी ८० लाख कुटुंबांना, म्हणजे साडेतेरा टक्के घरांना, वर्षात कधी ना कधी पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. हा आकडा तिथल्याच कृषी खात्याचा आहे. दुकानं मात्र ओसंडून भरलेली असतात. भाडं, गाडीचा हप्ता आणि पाळणाघराची फी यांत काटकसर करता येत नाही, जेवणात करता येते. म्हणून पगार संपत आला की आधी किराणा कमी होतो. बहुतेक वेळा आईबाप आपलं ताट कमी करून मुलांचं भरतात.

या घरांना किराण्यासाठी दरमहा पैसे देणारी सर्वांत मोठी सरकारी योजना म्हणजे स्नॅप (SNAP), पूर्वीचं फूड स्टॅम्प. १९६४ च्या कायद्याने ती कायमची झाली आणि २००८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आज दर आठ अमेरिकी रहिवाशांपैकी जवळपास एकजण तिच्या आधारावर किराणा भरतो. मदतीचे पैसे केंद्राचे असतात, अर्ज मात्र राज्य घेतं. कॅलिफोर्नियात योजनेचं नाव कॅलफ्रेश आहे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत अर्जाचं काम काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, कार्यालय बघतं, तर टेक्सासमध्ये राज्याचं एकच पोर्टल आहे. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव तुमच्या अर्जाला जसाच्या तसा लागू पडेल असं धरू नका.

खालचे आकडे ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या वर्षाचे असून अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या राज्यांचे आहेत. ते दर ऑक्टोबरला बदलतात.

‘कुटुंब’ म्हणजे कोण

स्नॅपच्या हिशेबात एकत्र राहणारे, एकत्र किराणा आणणारे आणि एकत्र स्वयंपाक करणारे लोक म्हणजे एक कुटुंब. एका फ्लॅटमध्ये भाडं वाटून राहणारे चौघं आपापलं वेगळं शिजवत असतील, तर ती चार वेगळी कुटुंबं. नवरा-बायको मात्र एकाच घरात राहत असतील तर कायम एकत्रच धरले जातात, आणि आईवडिलांजवळ राहणारी २२ वर्षांखालची मुलंही. अर्जावरचा हा पहिलाच प्रश्न नीट समजून भरा. त्याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

उत्पन्नाची मर्यादा आणि रक्कम

कर कापण्याआधीचं महिन्याचं उत्पन्न एका माणसासाठी १,६९६ डॉलर, दोघांसाठी २,२९२, तिघांसाठी २,८८८ आणि चौघांसाठी ३,४८३ डॉलरपर्यंत असावं लागतं. बऱ्याच राज्यांनी ही मर्यादा वाढवली आहे, काहींनी दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत. तेव्हा थोडक्यात हुकतंय असं वाटलं तरी आपल्या राज्याचा आकडा बघितल्याशिवाय माघार घेऊ नका. घरात ६० किंवा त्याहून जास्त वयाची वा अपंग व्यक्ती असेल, तर एकूण उत्पन्नाची अट लागत नाही, वजावटीनंतरचं उत्पन्नच बघतात. बँकेतल्या शिल्लकीची मर्यादा ३,००० डॉलर आहे, वृद्ध किंवा अपंग असलेल्या घराला ४,५००. ज्या राज्यांनी उत्पन्नाची मर्यादा वाढवली आहे, त्यांतल्या बहुतेकांनी शिल्लकीची अटही काढून टाकली आहे.

रक्कम ठरवण्याची रीत एकदा समजून घ्या, कारण अर्जातला बराचसा गोंधळ इथेच होतो. समजा आई, बाबा आणि दोन मुलं आहेत, आणि मजुरीचं उत्पन्न महिना २,८०० डॉलर आहे. कामाच्या उत्पन्नाचे २० टक्के, म्हणजे ५६० डॉलर, आधी वजा होतात. मग चौघांच्या घराची ठरावीक वजावट २२३ डॉलर. उरले २,०१७. भाडं आणि वीज-गॅस मिळून १,६०० जात असतील, तर त्यातला २,०१७ च्या निम्म्यापेक्षा जास्त असलेला भाग, म्हणजे सुमारे ५९१ डॉलर, आणखी वजा होतो. हाती राहिलं सुमारे १,४२६ डॉलरचं निव्वळ उत्पन्न. त्याचे ३० टक्के, म्हणजे ४२८ डॉलर, तुम्ही स्वतः जेवणावर खर्च कराल असं सरकार धरतं. चौघांसाठीची कमाल रक्कम ९९४ डॉलर आहे, त्यातून ४२८ गेले की महिन्याला ५६६ डॉलर मिळतात.

याच कुटुंबाने भाड्याची पावती जोडली नाही, तर भाड्याची वजावट धरलीच जात नाही. मग मदत साधारण १७७ डॉलरने घटते. एका कागदाची ही किंमत आहे. पाळणाघराचा खर्च, न्यायालयाने ठरवलेली मुलांची पोटगी, आणि वृद्ध वा अपंग व्यक्तीचा महिना ३५ डॉलरच्या वरचा औषधोपचाराचा खर्च यांचीही वजावट मिळते. औषधांचा खर्च लिहायचा राहून जातो, विशेषतः घरातल्या वृद्धांचा अर्ज दुसऱ्या कुणी भरला की.

एकट्या माणसासाठी कमाल रक्कम २९८ डॉलर आहे. दोघांसाठी ५४६, तिघांसाठी ७८५.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि आपली माणसं

एच-१बी आणि एल-१ हे नोकरीचे, एच-४ हा एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा, एफ-१ हा शिक्षणाचा, यांपैकी कुठल्याही किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना स्वतःसाठी स्नॅप मिळत नाही. पण त्यांचं अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक असतं, आणि त्या मुलापुरता अर्ज आईबापांना करता येतो. आईबापांचं उत्पन्न हिशेबात येतं, म्हणून चांगल्या पगाराच्या घराला काही मिळणार नाही. नोकरी गेलेल्या घराला मात्र मिळू शकतं. जे स्वतःसाठी मदत मागत नाहीत, त्यांनी आपला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा व्हिसाची माहिती देण्याची सक्ती नाही. उत्पन्नाची माहिती मात्र द्यावीच लागते.

ग्रीन कार्डधारक प्रौढाला साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. १८ वर्षांखालच्या ग्रीन कार्डधारक मुलांना थांबावं लागत नाही. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने इथे मोठा बदल केला: निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक आता त्या नात्याने पात्र नाहीत, त्यांना आधी ग्रीन कार्ड मिळवावं लागतं. घरदार सोडून आलेल्यांच्या ताटाला ही कात्री लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेल्या आईबाबांबद्दल. पाच वर्षं झाली की त्यांना आपोआप मदत सुरू होते, हा समज चुकीचा आहे. त्यांना बोलावताना मुलाने आय-८६४ हे हमीपत्र सही करून दिलेलं असतं. आईबाबा नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत, त्या मुलाचं उत्पन्न त्यांचंच मानलं जातं, ते वेगळे राहत असले तरीही. मुलाने खरोखरच हात आखडता घेतला असेल आणि आईबाबांच्या जेवणाचीच पंचाईत असेल, तर अपवाद मागता येतो. त्यात हमी देणाऱ्याचं नाव केंद्र सरकारला कळवलं जातं, हे आधी माहीत असू द्या. आईबाबा नागरिक झाले की ही अट संपते. मग ते मुलाच्या घरात राहत असले, पण आपला किराणा आणि स्वयंपाक खरोखर वेगळा करत असले, तर स्वतंत्र कुटुंब म्हणून अर्ज करू शकतात.

मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्ड अडेल ही भीतीही मोठी आहे. ग्रीन कार्ड देताना अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हे तपासतात. २०२२ च्या नियमानुसार स्नॅप त्या तपासणीत धरत नाहीत, आणि मुलाने घेतलेली मदत आईबापांच्या नावावर लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने तो नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून व्हायचा आहे, त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. नागरिकांना हा प्रश्नच येत नाही.

कामाची अट

१८ ते ६४ वयाच्या धडधाकट प्रौढांना महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा दाखवावी लागते. नाही दाखवली तर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत मिळते. पूर्वी ही अट ५४ वर्षांपर्यंत होती आणि १८ वर्षांखालचं मूल घरात असलं की सूट मिळे. आता १४ वर्षांखालचं मूल असेल तरच सूट आहे. आजारपण, अपंगत्व आणि गरोदरपण यांनाही सूट आहे, पण ती कागदावर सिद्ध करावी लागते. डॉक्टरांचं पत्र अर्जासोबतच द्या, मागायची वाट बघू नका.

अर्ज करताना

कागदपत्रं जमली की अर्ज करू, असं म्हणत थांबू नका. नाव, पत्ता आणि सही एवढ्यावर अर्ज दाखल करून घेणं कार्यालयाला बंधनकारक आहे. मंजुरीनंतर पहिल्या महिन्याची मदत अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रत्येक दिवसाची दिरंगाई म्हणजे बुडालेले पैसे. बाकीचा तपशील मागून देता येतो, आणि त्यासाठी निदान दहा दिवसांची मुदत मिळते. पक्का पत्ता नसलेल्या, गाडीत किंवा निवाऱ्यात राहणाऱ्या माणसालाही अर्ज करता येतो.

ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, अर्ज करणाऱ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड असल्यास त्याची प्रत, शेवटच्या ३० दिवसांच्या पगाराच्या पावत्या, भाडेकरार, वीज-गॅसची बिलं, पाळणाघराच्या आणि औषधांच्या पावत्या: एवढं एका फाइलमध्ये असलं की काम भागतं. रोखीवर काम करणाऱ्याला मालकाकडून चिठ्ठी आणता येते. मालक देत नसेल, तर तुमची परिस्थिती ठाऊक असलेल्या दुसऱ्या माणसाला कार्यालय फोन करून विचारू शकतं. तसं लेखी मागा.

त्यानंतर मुलाखत होते, बहुधा फोनवर. अनेक अर्ज इथेच पडतात. अनोळखी नंबरवरून, कामाच्या वेळात फोन येतो आणि उचलला जात नाही. तसं झालं तर त्याच दिवशी कार्यालयाला फोन करून नवी वेळ मागून घ्या. इंग्रजी जड जात असेल, तर दुभाषा फुकट मागण्याचा हक्क आहे. अर्जातच ‘मराठी’ असं लिहा. मुलांना दुभाषी करू नका, घरातल्या पैशांच्या अडचणी त्यांच्या तोंडून सांगायला लावणं बरं नाही.

निर्णय ३० दिवसांत लागायला हवा. पण महिन्याचं उत्पन्न १५० डॉलरपेक्षा कमी आणि हाताशी १०० डॉलरपर्यंतच रक्कम असेल, किंवा भाडं आणि वीज-गॅसचा खर्च मिळून उत्पन्न अधिक शिल्लक यांपेक्षा जास्त होत असेल, तर सात दिवसांत मदत मिळण्याचा नियम आहे. नोकरी गेलेली बरीचशी घरं या नियमात बसतात. कार्यालयाने आपण होऊन तो लावायला हवा, तरीही तुम्ही तोंडाने मागाच.

कार्ड हाती आल्यावर

पैसे ईबीटी नावाच्या कार्डावर दर महिन्याला जमा होतात. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मसाले, भाजी, दूध, मासळी, गोठवलेल्या पोळ्या हे सगळं चालतं, आणि कार्ड घेणाऱ्या भारतीय दुकानांतही चालतं. मेथी-मिरचीचं बी आणि रोपंसुद्धा घेता येतात. गरम समोसा, दारू, तंबाखू, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, साबण, डायपर यांना चालत नाही. २०२६ पासून काही राज्यांनी शीतपेयं आणि गोळ्या-चॉकलेटंही वगळली आहेत. कार्डाच्या चुंबकी पट्टीवरून माहिती चोरून पैसे लांबवण्याचे प्रकार होतात, आणि चोरलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून देण्याची तरतूद डिसेंबर २०२४ मध्ये संपली. महिन्याचे पैसे जमा होण्याच्या आदल्या दिवशी पिन बदलत चला.

साधारण सहा किंवा बारा महिन्यांनी फेरतपासणीचं पत्र येतं. ते वेळेत भरून दिलं नाही की मदत थांबते, भूक असो वा नसो. पत्ता बदलला तर आधी कार्यालयाला कळवा.

स्नॅप मिळत नसेल तर

विक (WIC) ही पोषक अन्न देणारी योजना गरोदर आणि बाळंतीण स्त्रिया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. तिची उत्पन्न मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के आहे, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षं थांबण्याची अट तिला नाही. शाळेच्या जेवणाच्या अर्जात व्हिसाबद्दल विचारत नाहीत. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत तर शाळेचं जेवण सगळ्याच मुलांना फुकट आहे. आजच चूल पेटायची असेल, तर २११ हा नंबर फिरवून जवळच्या फूड बँकेचा, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या संस्थेचा, पत्ता विचारा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरची स्नॅपची रक्कम रखडली, तेव्हा लाखो घरांना याच फूड बँकांनी तारलं.

अर्ज नाकारला गेला किंवा रक्कम कमी आली, तर निर्णयापासून ९० दिवसांत सुनावणी मागता येते. चालू मदत थांबवण्याची नोटीस आली असेल, तर नोटिशीतली तारीख उलटण्याआधी सुनावणी मागा. तसं केलं तर निकाल लागेपर्यंत मदत सुरू राहते. निकाल विरुद्ध गेला तर तेवढी रक्कम परत करावी लागू शकते. वकील परवडत नसेल, तर जवळच्या लीगल एड कार्यालयात हे काम फुकट करतात. जाताना नोटीस आणि तिचं पाकीट दोन्ही सोबत न्या, कारण मुदत मोजताना पाकिटावरची टपालाची तारीख उपयोगी पडते.