माळढोक : समज आणि वस्तुस्थिती

माळढोक (शास्त्रीय नाव : आर्डिओटिस नायग्रिसेप्स) हा भारतीय उपखंडातल्या कोरड्या गवताळ प्रदेशात राहणारा मोठा पक्षी. उंची सुमारे 1 मीटर. नराचे वजन 8 ते 14 किलो, मादी त्याच्या जवळपास निम्म्याने. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढुरकी मान आणि नराच्या छातीवर ठळक काळा पट्टा. मादीचा पट्टा तुटक असतो किंवा नसतोच. काही भागांत त्याला ‘हूम’ म्हणतात, राजस्थानात ‘गोडावण’. महाराष्ट्रात त्याचे नाव सोलापूरशी जोडले गेले ते उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजमुळे. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. अलीकडच्या काळात तिथे माळढोक दिसलाच तर एखादा. बहुतेक सोलापूरकरांनी तो फलकावरच पाहिलेला असल्यामुळे त्याच्याविषयी ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत.

आकार आणि चालण्याची ऐट पाहून त्याला शहामृगाचा भाऊबंद समजतात आणि तो उडत नाही असेही ठोकून देतात. दोन्ही चूक. शहामृगाशी त्याचे जवळचे नाते नाही. त्याचा खरा सोयरा म्हणजे तणमोर, गवताळ माळावरचाच एक लहान पक्षी. उडण्याच्या बाबतीत तर जगातल्या सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. दिवसाचा बराच वेळ तो चालत चरतो एवढेच. झाडावर मात्र तो बसत नाही, कारण त्याच्या पायाला मागचे बोट नसते आणि फांदी पकडायला ते लागते.

तो पिकांची नासाडी करतो ही तक्रारही फारशी टिकत नाही. हरभरा, भुईमूग, बोरे त्याला चालतात, हे खरे. पण पावसाळ्यात त्याचा भर नाकतोडे, भुंगेरे, सरडे यांच्यावर असतो. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान करणारे बरेच काही तोच टिपतो.

त्याची वीण मुळातच संथ. पावसाळ्यात नर माळावरचा एखादा उंचवटा धरतो. गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ पायापर्यंत लोंबू देतो, शेपटी पाठीवर उलटी पसरतो, पंख ढिले सोडतो आणि दूरवर पोहोचणारा घुमणारा आवाज काढतो. नराचे काम इथे संपते. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या चार काड्यांच्या आडोशाला, सहसा एकच अंडे घालते आणि जवळपास चार आठवडे एकटी उबवते. हे अंडे कुत्र्याने खाल्ले किंवा मेंढराच्या पायाखाली गेले, तर बहुधा ते वर्षच वाया. दक्षिणेकडच्या महासागरांवरच्या अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचे गणित असेच आहे : एका विणीला एक अंडे. तो मासेमारीच्या लांब दोरांवरच्या गळाला अडकून मरतो, माळढोक विजेच्या तारांना धडकून.

एवढी मोठी तार त्याला दिसत कशी नाही, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर डोळ्यांच्या ठेवणीत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने आजूबाजूचे खूप दिसते, समोरचे कमी. त्याच्या जवळच्या एका आफ्रिकी जातीच्या अभ्यासात आढळले, की उडताना मान थोडी खाली घालून जमीन पाहिली तर पुढची दिशा चक्क दिसेनाशी होते. त्यात देह जड. शेवटच्या क्षणी वळणे जमत नाही. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राजस्थान व गुजरातमधल्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला.

सर्वांत महाग पडलेला गैरसमज पक्ष्याबद्दलचा नाहीच, माळाबद्दलचा आहे. सरकारी कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’. मग तिथे झाडे लावायची, हे ओघानेच आले. नान्नज परिसरातही गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. हेतू चांगला असेल, पण ज्या पक्ष्याला चहूबाजूंनी दूरवर दिसावे लागते, त्याच्यासाठी दाट लागवड म्हणजे संकट. वर कावळ्यांना अंड्यावर नजर ठेवायला बसण्याची सोय. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे पक्षी, असे सारे याच ‘पडीक’ जमिनीवर जगतात, आणि धनगरांची मेंढरेही. माळाच्या कडेने पूर्वी शाळू, करडई, हरभरा ही कोरडवाहू पिके होती. माळढोकाला ती चालत. पाणी आले तशी द्राक्ष आणि ऊस आला. ‘सोनाका’ ही द्राक्षाची नावाजलेली जात नान्नजचीच आहे. मांडव-तारांनी भरलेल्या बागेत मात्र या पक्ष्याला जागा नाही.

‘माळढोक आला की जमीन गेली’ हा समज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, बाजारपेठा, खासगी शेते सगळेच आले. खरेदी-विक्री, बांधकाम, परवाने यांत लोक वर्षानुवर्षे अडकले आणि राग निघाला पक्ष्यावर. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. आधी नकाशावर अवाढव्य रेघ ओढायची आणि मग ती पुसत बसायची, या प्रकारात माळढोकाचे नुकसानच झाले, असेच म्हणावे लागते.

तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, असेही अनेक जण सांगतात. तो मान राजस्थानात आहे; महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. राष्ट्रीय पक्षी म्हणून पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता, पण 1963 मध्ये निवड मोराची झाली.

धोक्यातल्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत 2011 पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात, मुख्यतः जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तिथे 2019 पासून कृत्रिम पैदास चालू आहे आणि 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. यावरून ‘आता प्रश्न सुटला’ असा नवा समज पसरू लागला आहे. पैदास केंद्रातले पिल्लू नान्नजला आणून सोडायचे, तर त्याआधी इथे सलग उघडा माळ लागेल, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त लागेल आणि डोक्यावरच्या तारांचे काय करायचे ते ठरवावे लागेल.