हजरत अलींचे खसाइस: थोरवीच्या यादीमागचा वाद

अलींशी लढलेला आणि पुढे उमय्या घराण्याचा पहिला खलिफा झालेला मुआविया याने एकदा पैगंबरांचे साथी साद इब्न अबी वक्कास यांना विचारले, ‘अबू तुराबला दूषणे द्यायला तुमची काय अडचण आहे?’ अबू तुराब म्हणजे हजरत अली, पैगंबर मुहंमदांचे चुलतभाऊ आणि जावई. साद म्हणाले, पैगंबरांनी त्यांच्या बाबतीत केलेल्या तीन गोष्टी माझ्या लक्षात आहेत तोवर ते माझ्याने व्हायचे नाही. त्या तिन्हींपैकी एक जरी माझ्या वाट्याला आली असती, तरी तांबड्या उंटांपेक्षा मला ती मोलाची वाटली असती. तांबडे उंट ही अरबांच्या लेखी सर्वांत मोठी दौलत.

हा प्रसंग एखाद्या शिया ग्रंथातला असेल असे वाटेल. तो आहे सहीह मुस्लिममध्ये, म्हणजे सुन्नी पंथ ज्या दोन हदीससंग्रहांना सर्वाधिक मानतो त्यांपैकी एकात. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद. आणि साद हे काही अलींचे अनुयायी नव्हते. कादिसियाच्या लढाईत इराणी सैन्याला हरवणारे हे सेनापती पुढे मुसलमानांमध्ये यादवी माजली तेव्हा कोणाचीच बाजू न घेता घरी बसले. अलींसाठी ज्याने तलवार उचलली नाही, तोच त्यांना दूषणे द्यायला नकार देतो आणि नकाराचे कारण म्हणून तीन गुण मोजून दाखवतो. शिया परंपरेत अलींच्या विशेष गुणांच्या, म्हणजे ‘खसाइस’च्या, ज्या लांबलचक याद्या आढळतात, त्यांचा उगम मला अशा प्रसंगांत दिसतो. निवांत भक्तीतून त्या जन्मल्या नाहीत. कोणीतरी आरोप करत होते, कोणीतरी शाप देत होते, म्हणून उत्तर द्यावे लागले. फजाइल म्हणजे गुण. ते अनेकांचे असू शकतात. खसाइस मात्र एकट्याचेच असतात, आणि वाद नेमका त्या एकटेपणाचा आहे.

साद यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ६३० मध्ये तबूकच्या मोहिमेवर निघताना पैगंबरांनी अलींना मदिनेत मागे ठेवले. अली नाराज झाले. बायकामुलांबरोबर मला ठेवून जाता का, असे म्हणाले. त्यावर पैगंबर म्हणाले, मूसाला त्याचा भाऊ हारून जसा, तसा तू मला. फक्त माझ्यानंतर कोणी पैगंबर नाही. दुसरी गोष्ट ६२८ सालच्या खैबरच्या वेढ्याची. किल्ला पडत नव्हता. उद्या निशाण अशा माणसाच्या हाती देईन, ज्याचे अल्लाह आणि रसूल म्हणजे पैगंबर यांच्यावर प्रेम आहे आणि ज्याच्यावर अल्लाह आणि रसूलचे प्रेम आहे, असे पैगंबरांनी जाहीर केले. सकाळी सगळे आशेने जमले, तर त्यांनी अलींना बोलावले, आणि त्यांचे तर डोळे आलेले होते. तिसरी गोष्ट नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाशी ठरलेल्या मुबाहल्याची. दोन्ही पक्षांनी आपल्या माणसांसह समोर यायचे आणि खोट्यावर देवाचा कोप मागायचा, असे ठरले होते. कुरआनच्या आयतीत ‘आमची मुले, आमच्या स्त्रिया आणि आम्ही स्वतः’ असे शब्द आहेत. पैगंबरांनी अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांना बोलावून घेतले आणि हे माझे कुटुंब असे सांगितले. शिया विद्वान म्हणतात, मुलांच्या जागी नातू आले, स्त्रियांच्या जागी फातिमा. मग ‘आम्ही स्वतः’मध्ये अलीच बसतात.

शिया परंपरेतली यादी याहून कितीतरी मोठी आहे. काबागृहात झालेला जन्म, ज्याची आठवण म्हणून १३ रजब हा दिवस पाळतात. लहानपणापासून पैगंबरांच्या घरात झालेली वाढ. सर्वांत आधी इस्लाम स्वीकारणाऱ्यांत असलेले स्थान. ६२२ मध्ये मक्केतले मारेकरी टपून बसलेले असताना पैगंबरांच्या बिछान्यात झोपून काढलेली रात्र. नमाजात रुकूमध्ये वाकलेले असताना भिकाऱ्याला काढून दिलेली अंगठी. बद्र, उहुद आणि खंदक या लढायांतला पराक्रम. आणि सर्वांच्या वर गदीर खुम.

गदीर खुम हे मक्का आणि मदिनेच्या वाटेवरचे, जुहफाजवळचे पाणवठ्याचे ठिकाण. अखेरच्या हज यात्रेवरून परतताना, हिजरी १० च्या १८ जिल्हज्जला, म्हणजे मार्च ६३२ मध्ये, पैगंबरांनी तिथे काफिला थांबवला, अलींचा हात धरला आणि सांगितले, ‘ज्याचा मी मौला, त्याचा हा अली मौला.’ हे वाक्य घडलेच नाही असे म्हणणारे थोडे. सुन्नी संग्रहांतही ते वारंवार येते. भांडण पुढचे आहे. मौला म्हणजे इथे स्वामी, वारस, की जिवलग? शियांच्या मते ही वारसाची जाहीर नेमणूक होती. सुन्नी विद्वानांच्या मते येमेनच्या मोहिमेवरून काही जण अलींबद्दल कुरकुरत होते, त्यांना गप्प करण्यासाठी केलेला हा गौरव होता. अडीच-तीन महिन्यांत पैगंबर वारले, मदिनेतल्या सकीफा बनी साइदा या बैठकीच्या जागी जमलेल्यांनी अबू बक्र यांना खलिफा निवडले, आणि तेव्हा अली दफनाच्या तयारीत होते. त्यांची पाळी आली ती थेट ६५६ मध्ये, उस्मान यांच्या हत्येनंतर. पाच वर्षांच्या त्या खिलाफतीत जमल, सिफ्फीन आणि नहरवान अशा तीन लढाया, तिन्ही मुसलमानांशीच. ६६१ च्या रमजानमध्ये इराकातल्या कूफ्याच्या मशिदीत, त्यांच्यापासून फुटलेल्या खारिजी गटातल्या इब्न मुलजमने त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार केला आणि दोन दिवसांनी ते गेले.

यानंतर उमय्या घराण्याचे राज्य आले आणि मिंबरांवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठांवरून, अलींना शाप देण्याची प्रथा पडल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे. कूफ्याच्या हुज्र इब्न अदी यांनी अलींना नाकारायला नकार दिला. ६७१ मध्ये दमिश्कजवळच्या मर्ज अज्रा इथे त्यांना साथीदारांसह मारण्यात आले. ही प्रथा उमर इब्न अब्दुल अजीज या खलिफाने (कारकीर्द ७१७ ते ७२०) बंद केली आणि त्या जागी ‘अल्लाह न्यायाची आणि भलाईची आज्ञा देतो’ ही आयत वाचायला लावली. आजही असंख्य सुन्नी मशिदींत शुक्रवारच्या खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या, शेवटी ती वाचली जाते. ती तिथे कशी आली, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

पण दोन पिढ्यांचे कान ज्याला सरावले, ते फर्मानाने पुसले जात नाही. अन-नसाई यांची गोष्ट त्याचा पुरावा. मध्य आशियातल्या नसा गावचे हे गृहस्थ; त्यांचा सुनन हा सुन्नींच्या सहा प्रमाण हदीससंग्रहांपैकी एक. आयुष्याचा मोठा भाग इजिप्तमध्ये काढून म्हातारपणी ते दमिश्कला आले. उमय्यांचे राज्य जाऊन दीडशे वर्षे झाली होती, तरी त्या शहरात अलींबद्दलची अढी कायम होती. म्हणून त्यांनी ‘खसाइस’ याच नावाचा, फक्त अलींच्या विशेष गुणांच्या हदीस गोळा केलेला ग्रंथ लोकांसमोर आणला. लोकांनी विचारले, मुआवियाची थोरवी सांगणारे काही लिहिणार नाही का? ते म्हणाले, असे सांगतात, की पाप-पुण्याच्या हिशेबात मुआविया बरोबरीने सुटला तरी पुष्कळ झाले, त्याला वर थोरवी हवी? मशिदीतच त्यांना लाथाबुक्क्यांनी तुडवले. त्या मारातून ते उठले नाहीत. ९१५ मध्ये वारले. अलींच्या खसाइसवरचा सर्वांत गाजलेला जुना ग्रंथ सुन्नी मुहद्दिसाचा, म्हणजे हदीसच्या अभ्यासकाचा, आहे आणि त्याची किंमत त्याने जिवाने मोजली, हे दोन्ही पंथांच्या आजच्या भांडखोर वक्त्यांना फारसे सोयीचे नाही.

मग शिया आणि सुन्नी यांच्यात फरक कुठे? घटनांत कमी, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात जास्त. शिया युक्तिवाद सरळ आहे: जो सर्वांत श्रेष्ठ, तोच इमाम, म्हणजे पैगंबरांनंतरचा नेता, श्रेष्ठ हजर असताना त्याच्याहून कमी असलेल्याला पुढे करणे अल्लाहला मंजूर असणे शक्य नाही. त्यामुळे प्रत्येक गुण हा या खटल्यातला पुरावा ठरतो. शिया पंथांपैकी जैदी मात्र मधल्या वाटेचे. त्यांच्यातल्या अनेकांनी अली श्रेष्ठ, पण आधीचे खलिफाही चालतील असे मानले. बगदादच्या मुअतजिली, म्हणजे बुद्धिवादी पंथाच्या, विचारवंतांचेही तसेच. त्यांच्यातले इब्न अबिल हदीद (निधन १२५८ च्या सुमारास) नहजुल बलागा या अलींच्या भाषणे, पत्रे आणि वचनांच्या संग्रहावरील आपल्या प्रचंड भाष्याच्या पहिल्याच ओळींत, कमी श्रेष्ठाला अधिक श्रेष्ठाच्या पुढे ठेवणाऱ्या अल्लाहची स्तुती करतात. एका वाक्यात अलींना सर्वांत वर बसवले आणि पहिल्या तीन खलिफांची गादीही शाबूत ठेवली. इतकी चतुर तडजोड क्वचितच कोणाला सुचली असेल.

गुणांचा उपयोग पुरावा म्हणून होऊ लागला की ते वाढू लागतात. खैबरच्या दाराचेच पाहा. इब्न इसहाकने लिहिलेल्या पैगंबरांच्या जुन्या चरित्रात त्यांचे सेवक अबू राफे सांगतात, ढाल हातातून पडल्यावर अलींनी किल्ल्याचे एक दार ढालीसारखे वापरले. नंतर मी धरून आठ जणांनी ते उलटवायचा प्रयत्न केला, जमले नाही. पुढच्या कथांत आठाचे चाळीस झाले. ‘मी ज्ञानाचे नगर, अली त्याचे द्वार’ ही हदीस तर घराघरांत माहीत; हाकिम निशापुरींनी ती अस्सल ठरवली आणि इब्न अल-जौजींनी बनावट. काही जण आणखी पुढे गेले आणि अलींना देवच म्हणू लागले. अशांना शिया इमामांनी स्वतः झिडकारले. नहजुल बलागात अलींच्या तोंडचे वचन आहे की माझ्यापायी दोघांचा नाश होईल, प्रेमात वाहवत जाणाऱ्याचा आणि द्वेषात वाहवत जाणाऱ्याचा. दहाव्या शतकातले थोर शिया विद्वान शेख सदूक यांनी अजानमध्ये अलींच्या विलायतीचे, म्हणजे अली हे अल्लाहचे वली असल्याचे, शब्द घालणाऱ्यांवर कडक टीका केली होती. सफवी राजघराण्याच्या काळापासून इराणात ते शब्द रूढ झाले आणि आज इराणपासून लखनौपर्यंत शिया मशिदींतून ऐकू येतात. बहुतेक शिया फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, ते अजानचा मूळ भाग मानत नाहीत, पण म्हणायला हरकत नाही, उलट चांगलेच, असे सांगतात.

नहजुल बलागाचा जन्मही एका खसाइसमधूनच झाला. बगदादचे कवी शरीफ रजी इमामांच्या खसाइसवर ग्रंथ लिहायला बसले. अलींचा भाग पूर्ण झाला, पुढचे राहून गेले. त्या भागाच्या शेवटी अलींची छोटी वचने होती. ती मित्रांना इतकी आवडली की फक्त त्यांचीच भाषणे, पत्रे आणि वचने एकत्र कर, असा आग्रह त्यांनी धरला. हिजरी ४०० मध्ये, म्हणजे १०१० च्या सुमारास, हा संग्रह पुरा झाला. रजींनी सनदा, म्हणजे मजकूर कोणाकडून कोणाकडे आला त्या साखळ्या, दिल्या नाहीत, म्हणून त्यावर शंका घेणारे सुन्नी टीकाकार झाले, आणि जुन्या ग्रंथांतून त्यातल्या मजकुराचा माग काढणारे विद्वानही झाले.

या पुस्तकाने यादीचा नूर बदलला, असे मला वाटते. इथे दार उपटणारा वीर मागे सरतो आणि राज्य चालवणारा माणूस पुढे येतो. सख्खा भाऊ अकील हलाखीत आहे. त्याच्या मुलांचे केस विस्कटलेले, चेहरे उपासमारीने काळवंडलेले. सरकारी गव्हातून एक माप जास्त दे, म्हणून तो पुन्हा पुन्हा विनवतो. अली लोखंडाचा तुकडा तापवून त्याच्या अंगाजवळ नेतात. तो किंचाळतो, तेव्हा विचारतात: माणसाने खेळता खेळता तापवलेल्या लोखंडाने तू ओरडतोस, आणि मला मात्र देवाने कोपून पेटवलेल्या आगीकडे ओढतोस? बसऱ्याचा सुभेदार उस्मान इब्न हुनैफ एका बड्याच्या मेजवानीला गेला, तर त्याला लांबलचक पत्र गेले: गरिबांना दाराबाहेर ठेवून श्रीमंतांना बोलावणाऱ्यांच्या पंक्तीला तू बसशील असे वाटले नव्हते, तुझ्या इमामाने या जगातून दोन जुनी वस्त्रे आणि दोन भाकरी एवढेच घेतले आहे. आपला सेनापती मालिक अश्तर याला इजिप्तचा सुभेदार म्हणून पाठवताना दिलेल्या आदेशात तर स्पष्ट आहे की रयतेतला प्रत्येक जण एक तर तुझा धर्मबंधू आहे, नाही तर निर्मितीत तुझ्यासारखाच माणूस. पंथांच्या वादविवादात या पानांचा उपयोग फारसा होत नाही, कारण यातून खिलाफतीवरचा हक्क सिद्ध करता येत नाही. पण अलींच्या प्रेमात पडलेला सामान्य वाचक सहसा इथेच पडलेला असतो.

राजसत्ता मिळाली तशी यादी रस्त्यावर आली. ९६३-६४ मध्ये शिया बुवैही घराण्याचा शासक मुइज्जुद्दौला याने बगदादमध्ये आशुराचा, म्हणजे हुसेन यांच्या हौतात्म्यदिनाचा, जाहीर शोक आणि गदीरचा जाहीर उत्सव सुरू केला. सुन्नी सेल्जुक तुर्क आले तेव्हा शिया विद्वान शेख तूसींची ग्रंथसंपदा जाळली गेली. ते अलींच्या कबरीजवळ नजफला गेले आणि नजफ शिया विद्येचे केंद्र बनले. १५०१ मध्ये शाह इस्माईलने इराणात शिया मत राजधर्म केले, आणि ती लाट दख्खनला येऊन भिडायला फार वेळ लागला नाही. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) बुरहान निजामशाहाचा मुलगा अब्दुल कादिर तापाने फणफणला होता. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की इराणातून आलेल्या शाह ताहिरने बुरहानला बारा इमामांच्या नावे खुतबा वाचण्याचा नवस करायला लावला. मुलगा बरा झाला. १५३७ च्या सुमारास खुतबा बदलला आणि सुन्नी सरदार बिथरले. शहरातला बारा इमाम कोठला त्याच काळातला, आणि तिथल्या मोहरमच्या सवाऱ्यांना आजही सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. गावोगावच्या मोहरममध्ये मिरवणारा पंजाही पाच बोटांचा, कारण पाच जण: मुहंमद, अली, फातिमा, हसन, हुसेन. म्हणजे मुबाहल्याला ज्यांची नावे घेतली जातात, तेच.

कागदावरचा वाद भारतातही जोमाने चालला. दिल्लीच्या शाह अब्दुल अजीज यांनी शिया मताचे खंडन लिहिले, तर लखनौचे मीर हामिद हुसेन (निधन १८८८) यांनी त्यातल्या इमामतीच्या प्रकरणाला उत्तर म्हणून ‘अबकातुल अनवार’ हा फारसी ग्रंथ हाती घेतला. गदीर, हारूनची उपमा, ज्ञानाचे नगर अशा एकेका हदीसवर खंडच्या खंड, आणि साक्षीदार म्हणून जास्तीत जास्त सुन्नी लेखक. साद यांना तीन गोष्टी पुरल्या होत्या. इथे एका गोष्टीला हजार पाने लागली. ज्या इराकात अलींनी राज्य केले, तिथे तर वाद कायदेमंडळापर्यंत गेला: मे २०२४ मध्ये इराकच्या संसदेने गदीरचा दिवस राष्ट्रीय सुट्टी ठरवला. शिया नेते मुक्तदा सद्र यांनी त्यासाठी जोर लावला होता, आणि अनेक सुन्नी नेत्यांनी त्याला विरोध केला.