अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय? आधी नववीची गुणपत्रिका शोधा

कोचचा होकार आला, घरात पेढे वाटून झाले, आणि जुलै उजाडला तरी मुलाच्या ऑनलाइन पात्रता खात्यावर 'कागदपत्रं अपुरी' एवढंच दिसतंय. ऑगस्टमध्ये तिकडे वर्ग सुरू होणार. मग धावाधाव, ईमेलवर ईमेल, शाळेच्या कार्यालयात हेलपाटे. दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी हे घडतं, आणि बहुतेक वेळा अडकलेला कागद असतो नववीचा. खेळात कमी पडून परत आलेली मुलं मी कमी पाहिली आहेत. कागदात कमी पडलेली जास्त.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा मोठा भाग एनसीएए ही संस्था चालवते. तिचे तीन स्तर आहेत, डिव्हिजन वन, टू आणि थ्री. पहिल्या दोन स्तरांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते, तिसऱ्यात मिळत नाही. खेळाडू पात्र आहे की नाही हे ठरवायला एनसीएएचं वेगळं पात्रता केंद्र आहे. खातं ऑनलाइन उघडायचं, शुल्क भरायचं (परदेशी विद्यार्थ्याला जास्त, आणि परत मिळत नाही), शाळांची नावं आणि खेळाचा इतिहास भरायचा. हे सगळं एका संध्याकाळी होतं. अडतं ते पुढे.

पण कागदांकडे वळण्याआधी कोच मंडळी काय बघतात ते सांगतो, कारण पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच असतो. शालेय स्पर्धेत ४० गुण केले, राज्य संघात निवड झाली, याला तिकडे फारसं वजन नाही. समोर कोण होतं हा त्यांचा पहिला प्रश्न. अमेरिकेतली मुलं उन्हाळ्यात नायकी, आदिदास, अंडर आर्मर यांच्या पाठबळावर चालणाऱ्या क्लब स्पर्धांत एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि कॉलेजचे कोच तिथे भिंतीला टेकून बसलेले असतात. आपल्या मुलाला ते असं बघू शकत नाहीत, म्हणून व्हिडिओ. त्यात पालक निवडक बास्केट, डंक आणि वर गाणं घालून तीन मिनिटांचा तुकडा पाठवतात. तो ओळखीपुरता ठीक. ज्याला खरंच रस वाटतो तो कोच पूर्ण सामना मागतो, कारण बॉल हातात नसताना मुलगा काय करतो, चूक झाल्यावर बचावाला परत धावतो का, बदली करून बाकावर बसवल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे त्यातच दिसतं. उंची बुटांशिवाय मोजून लिहा. तिथे गेल्यावर पुन्हा मोजतात, आणि दोन इंच कमी भरले की बाकीच्या दाव्यांवरचाही विश्वास उडतो.

शिवाय आता जागाच आक्रसल्या आहेत. खेळाडूंना महसुलात वाटा देणारा न्यायालयीन तोडगा जून २०२५ मध्ये मंजूर झाला. तो स्वीकारलेल्या कॉलेजांत बास्केटबॉल संघ जास्तीत जास्त १५ जणांचा. त्यात एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणारे अनुभवी खेळाडू ढिगाने उपलब्ध असल्याने कोच १८ वर्षांच्या नवख्यावर पूर्वीइतका जुगार खेळत नाहीत. म्हणूनच व्हिडिओ आवडल्यावर त्यांचा लगेचचा निरोप असतो, 'ट्रान्सस्क्रिप्ट पाठवा'. म्हणजे नववीपासूनचे सगळे विषय आणि गुण. ज्याचे कागद अडणार असं दिसतं, त्याच्यावर कुणी वेळ घालवत नाही.

आणि आपण आलो नववीवर.

एनसीएएच्या हिशेबात माध्यमिक शिक्षण नववीला सुरू होतं. आपल्याकडे नववीला कुणी विचारत नाही. दहावी आणि बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेल्या असतात. नववी आणि अकरावी म्हणजे शाळेची, कॉलेजची घरची परीक्षा. नववीचं प्रगतीपुस्तक सही करून शाळेला परत दिलेलं असतं किंवा रद्दीत गेलेलं असतं. त्यात दहावीपर्यंत एक शाळा, अकरावीला वेगळं ज्युनिअर कॉलेज, म्हणजे दोन कार्यालयं, दोन शिक्के, दोन लिपिक. मध्ये शाळा बदलली असेल तर तीन. ज्या ज्या संस्थेत नववीपासून पाय ठेवला, त्या प्रत्येकीचा रेकॉर्ड लागतो.

शाळेत जाऊन 'नववीचा दाखला द्या' म्हणालात तर शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेल. त्याचा इथे उपयोग नाही. बोनाफाइडचाही नाही. शाळेच्या लेटरहेडवर, विषयवार गुण, एकूण गुणांपैकी किती, शैक्षणिक वर्ष, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का, असं लेखी मागा. अर्जासोबत नमुना टाइप करून न्या. 'असा फॉर्मॅट आमच्याकडे नाही' हे उत्तर तुम्हाला मिळणारच आहे, आणि तो नमुना पुढे केला की निम्म्या वेळा काम होतं. उरलेल्या निम्म्या वेळा साहेब रजेवर असतात. गुणपत्रिका मराठीत असेल तर मूळ मराठी प्रत आणि ओळीला ओळ जुळणारं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात. काकांनी घरी केलेलं भाषांतर चालत नाही, काका इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

नावाचं त्रांगडं वेगळंच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं, आईचं नाव स्वतंत्र. पासपोर्टवर वेगळा क्रम. प्रगतीपुस्तकावर वर्गशिक्षकांनी लाडाने लिहिलेलं तिसरंच. खातं उघडताना पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम दहावीच्या सुट्टीत करा. बारावीच्या निकालानंतर नाही.

जन्मतारखेबद्दल इथेच बोलतो, कारण कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडे कनिष्ठ गटात वय चोरण्याची रीत जुनी आहे. एखाद्या मार्गदर्शकाने मुलाला १६ वर्षांखालील गटात खेळवायला एक दाखला काढला, पासपोर्टवर दुसरी तारीख आहे, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला असेल तर फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या संकेतस्थळावर त्याची माहिती जगाला उघडी आहे. या तारखा जुळल्या नाहीत तर प्रश्न येतो आणि त्याला चांगलं उत्तर नसतं.

विषयांचं बघू. डिव्हिजन वनला १६ मुख्य विषय लागतात, एक विषय म्हणजे एक वर्ष: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्रं दोन, इंग्रजी-गणित-विज्ञानापैकी आणखी एक, आणि उरलेले चार या गटांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशांतून. सरासरी ४ पैकी किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. शाळेने किंवा एजंटाने काढून दिलेला जीपीए, म्हणजे ही सरासरी, ते बघत नाहीत, आपल्या कोष्टकाने स्वतः काढतात, तोही फक्त मुख्य विषयांचा. शारीरिक शिक्षणात पैकीच्या पैकी असले तरी शून्य किंमत. २.० ते २.३ च्या मध्ये अडकलेल्याला डिव्हिजन वनमध्ये शिष्यवृत्ती आणि सराव मिळू शकतो, पण पहिलं वर्ष सामना नाही.

सायन्सला गणित आणि विज्ञान दोन्ही घेतलेल्या मुलाला यात फारशी अडचण नसते. कॉमर्सला गणित सोडलेली मुलं इथे अडकतात. पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे मुख्य विषय नव्हेत; अर्थशास्त्र समाजशास्त्रांत जातं. बायोलॉजी घेऊन गणित सोडलेल्यांनीही तीन वर्षांच्या गणिताचा हिशेब आधी करावा. म्हणजे अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना, 'खेळायला वेळ मिळावा म्हणून सोपे विषय' हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

सॅट किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा एनसीएएच्या पात्रतेसाठी आता लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. पण कॉलेजच्या प्रवेशासाठी ते कॉलेज सॅट मागू शकतं, इंग्रजीची परीक्षाही. एनसीएएची पात्रता, कॉलेजचा प्रवेश आणि व्हिसा हे तीन वेगळे निर्णय, तीन वेगळ्या टेबलांवरचे. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा बांधलेला नाही.

आता मुदत, जी जवळजवळ सगळेच चुकीची वाचतात. पालकांना वाटतं मुदत म्हणजे अर्जाची शेवटची तारीख. खरी मुदत आहे नववीत पाऊल टाकल्यापासूनची आठ सत्रं, चार वर्षं. घड्याळ तेव्हाच सुरू झालं. त्यामुळे 'दहावी इथे करू, मग अमेरिकेतल्या प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणारी खाजगी शाळा) पुन्हा दहावीला बसवू, एक वर्ष जास्त मिळेल, अंगही भरेल' ही लोकप्रिय योजना धोक्याची आहे. चार वर्षांनंतर केलेले विषय डिव्हिजन वन धरत नाही. वेळेत शिक्षण पूर्ण केलं असेल तर पुढच्या वर्षभरात फक्त एक मुख्य विषय वाढवता येतो. डिव्हिजन टू इथे बरंच सैल आहे, कॉलेजला पूर्णवेळ दाखल होण्याआधीचे सगळे मुख्य विषय धरतं. बारावीनंतर 'ड्रॉप' घेऊन स्पर्धा खेळत राहणाऱ्यांचीही खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. हे नियम सध्या वरचेवर हलताहेत, तेव्हा मामेभावाच्या मित्राचा २०१९ चा अनुभव प्रमाण मानू नका. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचं मार्गदर्शक पत्रक वाचा.

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी घरांसाठी वेगळा काटा आहे. तिथल्या प्रत्येक हायस्कूलची एनसीएएमान्य विषयांची यादी असते. ट्रान्सस्क्रिप्टवर नाव भारदस्त असून विषय यादीत नसेल तर तो धरला जात नाही. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी, त्यातले सात इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या सातांचे गुण गोठले. पुन्हा परीक्षा देऊन ते सुधारता येत नाहीत. शाळेचा समुपदेशक हे सांगेलच असं धरू नका, त्याच्याकडे शेकडो मुलं असतात. आणि मुलाला नववीत एखाद्या विद्यापीठाच्या शिबिराचं रंगीत पत्रक आलं म्हणून हुरळून जाऊ नका. ती पत्रकं घाऊक जातात. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून थेट संपर्क करू शकतात.

खेळाडू हौशी आहे, म्हणजे व्यावसायिक नाही, हे तपासणारी पैशांची प्रश्नावली सरळ लिहा. कोणत्या संघाकडून खेळलात, मानधन घेतलं का, करार केला का, एजंट आहे का, रोख बक्षीस मिळालं का. गल्लीतल्या थ्री-ऑन-थ्री स्पर्धेत पाचजणांत वाटलेले ५,००० रुपये बहुधा कुणाला बाधणार नाहीत. लपवलेले बाधतील, कारण सत्काराचा फोटो इन्स्टाग्रामवर आहे. व्यावसायिक लीगच्या करारावर सही करण्याआधी दोनदा विचार करा. आपल्या प्रिन्सपाल सिंगने २०२० मध्ये जी लीग इग्नाइट या एनबीएच्या विकास लीगमधल्या संघाची वाट धरली, सतनाम सिंगला २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमी या क्रीडाशाळेतून थेट एनबीएच्या डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडलं. त्या वाटा कॉलेजच्या नव्हत्या. अमान संधू न्यू जर्सीतल्या मॉनमथ विद्यापीठात गेला आणि हरसिमरन कौर सान दिएगो विद्यापीठात गेली, ती ही वाट.

'स्कॉलरशिप मिळाली तरच रकमेच्या दहा टक्के द्या' म्हणणारा सल्लागार भेटला तर उठून या. शिष्यवृत्तीच्या प्रमाणात फी ठरवणं एनसीएएच्या नियमातच बसत नाही, आणि तो भुर्दंड सल्लागाराला नाही, मुलाला पडतो.

सगळं पाठवूनही खात्यावर महिनोन्महिने हालचाल नसेल तर घाबरण्याआधी एक बघा: कुठल्या डिव्हिजन वन किंवा टू कॉलेजने आपल्या मागणी यादीत तुमच्या मुलाचं नाव टाकलंय का? ते टाकल्याशिवाय पात्रता केंद्र अंतिम निर्णय देत नाही. तुमचा दहा आकडी एनसीएए क्रमांक कोचला पाठवा आणि कॉलेजच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाला नाव टाकायला सांगा. काम पाच मिनिटांचं, आणि त्यावाचून फाइल पडून राहते. ऑगस्टच्या सत्रासाठी १ एप्रिलपासून, जानेवारीच्या सत्रासाठी १ ऑक्टोबरपासून खात्यात जाऊन हौशी असल्याच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती स्वतः करावी लागते. ते बटण कुणी तुमच्यासाठी दाबत नाही.

डिव्हिजन थ्रीकडे नाक मुरडणाऱ्यांना एवढंच, की एमआयटी, शिकागो आणि जॉन्स हॉपकिन्स तिथेच खेळतात. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते. परदेशातून येणाऱ्याला हौशी असल्याचं प्रमाणपत्र तिथेही लागतं.

शेवटी व्हिसा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर काम करून कमावण्यावर कडक बंधनं आहेत. संघातल्या अमेरिकन मुलांना जाहिरातींचे आणि महसूलवाट्याचे पैसे मिळताना दिसतील, तसाच कागद तुमच्या मुलासमोरही येईल. सही करण्याआधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.