मेडिकलचं लायसन्स वेगळं, फार्मसिस्टची नोंदणी वेगळी

मुंबईतल्या बहुतेक मेडिकलमध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन चौकटी दिसतात. एकीत फॉर्म २० आणि २१ वरचा औषधविक्रीचा परवाना, दुसरीत फार्मसिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र. बोलताना आपण दोन्हींना लायसन्सच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिला कागद दुकानाचा, दुसरा माणसाचा. कायदे वेगळे, देणारे वेगळे, काढून घेणारेही वेगळे.

दुकानाचा परवाना मिळतो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. माणसाची नोंदणी होते १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरात, कार्यालय मुलुंडला. दोन्ही कायदे देशभराचे, रोजची अंमलबजावणी राज्याची. मूळही एकच आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ च्या अहवालात दोन दुखणी एकत्र मांडली होती: बाजारातल्या मालाचा भरवसा नाही आणि तो देणाऱ्याला शिक्षण नाही. मालाचा कायदा आधी आला, माणसाचा स्वातंत्र्यानंतर.

एफडीएचा औषध निरीक्षक दुकानात येतो तेव्हा तो मुख्यतः जागा, माल आणि नोंदी तपासतो. किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा आहे का, फ्रीज चालू आहे का, खरेदीची बिलं जुळतात का, मुदत संपलेला माल वेगळा काढलाय का. शेड्यूल एच१ चं रजिस्टर तो हमखास मागतो. शेड्यूल एच१ म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी; काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक वगैरे त्यात येतात. १ मार्च २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीला डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. मालावर नजर ठेवणं किती मोलाचं आहे हे मुंबईला सांगायला नको. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने एफडीएसकट सगळ्या यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले.

कौन्सिलचा विषय शिक्षणापासून सुरू होतो. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी.फार्म, वर ५०० तासांचं प्रशिक्षण. किंवा चार वर्षांचं बी.फार्म, २००८ पासून सहा वर्षांचं फार्म.डी.सुद्धा. काय शिकवायचं आणि कुठलं कॉलेज मान्य, हे दिल्लीची फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई आणि ती यांच्यात यावरून बरीच वर्षं ओढाताण चालली. विदर्भातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२० रोजी निकाल दिला की फार्मसी शिक्षणात शेवटचा शब्द फार्मसी कौन्सिलचाच. नोंदणी मात्र राज्याच्या कौन्सिलकडे, आणि रजिस्टरातून नाव काढायचा अधिकारही तिचाच.

दोन्ही कायदे काउंटरवर एकमेकांना भेटतात. फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं. औषध नियमांतला नियम ६५ तेच दुकानाच्या बाजूने सांगतो: विक्री फार्मसिस्टच्या देखरेखीखाली हवी. घाऊक व्यापाराला हे बंधन नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या होलसेलरकडे फार्मसिस्टऐवजी अनुभवी ‘सक्षम व्यक्ती’ असली तरी परवाना मिळतो, कारण तिथून औषध थेट पेशंटच्या हातात जात नाही.

किरकोळ दुकानात मात्र या जोडावरच फट आहे आणि तिच्यातून सर्टिफिकेट भाड्याने द्यायचा धंदा चालतो. मालाडच्या दुकानात चौकट टांगलेली, चौकटीतला माणूस सांगलीत दुसरी नोकरी करतोय, आणि काउंटरवर दहावी झालेला पोरगा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मोजून देतोय. त्याच पेशंटला दुसऱ्या डॉक्टरने दुखण्यावरची गोळी दिली असेल, तर दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. हे ओळखायला औषधशास्त्र शिकावं लागतं, आणि मला हा प्रकार फार गंभीर वाटतो. एफडीएला फार्मसिस्ट सापडला नाही तर ते कारणे दाखवा नोटीस काढून दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतं. सांगलीतल्या त्या माणसाचं नाव रजिस्टरातून खोडणं एफडीएच्या हातात नाही. उलट कौन्सिल नाव खोडेल, पण दुकानाला टाळं लावू शकणार नाही. मालकाने दुसरं सर्टिफिकेट आणलं की शटर पुन्हा वर. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना त्यांनी फार्मसिस्ट हजर असण्याचा आग्रह धरला, तेव्हा केमिस्टांच्या संघटना बंदवर उतरल्या होत्या. तो आग्रह रास्तच होता, आणि त्याला कौन्सिलची तितकीच खमकी साथ हवी.

म्हणून तक्रार कुठे करायची हे आधी ठरवा. गोळ्या बोगस वाटल्या, मुदत संपलेली निघाली, चिठ्ठीशिवाय एच१ विकलं, फार्मसिस्ट जागेवर नव्हता: एफडीए. फार्मसिस्टने प्रमाणपत्र भाड्याने दिलंय, एकाच नावाची चौकट दोन दुकानांत आहे: मुलुंडची कौन्सिल, आणि एक प्रत एफडीएलाही. एफडीएच्या अर्जाला बिल जोडा, कारण बॅच नंबर त्यावर असतो. कौन्सिलला लागतो तो फार्मसिस्टचा नोंदणी क्रमांक, तो दुसऱ्या चौकटीतून टिपून घ्या.