पीटरला बाबागाडी कशी आठवली?

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘हुक’ या 1991 सालच्या सिनेमात मुलं उडतात, वीतभर उंचीची परी चाळिशीतल्या वकिलाला नेव्हरलँडला, म्हणजे मुलं जिथे मोठीच होत नाहीत अशा बेटावर, नेऊन टाकते, रिकाम्या भांड्यांत मनात आणलेलं जेवण उमटतं. यातलं काहीही मला खटकत नाही. परीकथा आहे, चालायचंच. मला खटकते ती बाबागाडी.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीटर बॅनिंग (रॉबिन विल्यम्स) हा सतत फोनला चिकटलेला वकील. मुलाला शब्द देऊनही त्याच्या बेसबॉलच्या सामन्याला वेळेवर न पोचणारा. समुद्री चाचा कॅप्टन हुक (डस्टिन हॉफमन) त्याची दोन्ही मुलं पळवतो आणि मग उलगडतं, की हा सुटलेल्या पोटाचा गृहस्थ म्हणजेच कधीही मोठा न होणारा पीटर पॅन. तो मोठा झाला आणि सगळं विसरला. आता तीन दिवसांत त्याला ते आठवायचं आहे. लहानपणची मैत्रीण, आता म्हातारी झालेली वेंडी आजी सांगते, परी कानीकपाळी ओरडते, पण ढिम्म काही आठवत नाही. शेवटी झाडाखालच्या जुन्या घरात लहानपणचं टेडी हाती लागतं आणि दृश्यांमागून दृश्यं परतू लागतात. त्यातलं सगळ्यात जुनं दृश्य असं: तान्हा पीटर बाबागाडीत आहे, पुढे हा काय शिकणार, काय होणार याचे बेत त्याच्या कानावर पडताहेत, आणि मोठं व्हायचं नाही म्हणून तो गाडीसकट घरंगळत निघून जातो.

तर प्रश्न एवढाच. चाळिशीतल्या माणसाला बाबागाडी आठवेल का?

(मूळ लेखक जे. एम. बॅरी या बाबतीत जास्त सावध होते. त्यांचा पीटर मोठा होत नाही आणि त्याच्या काही लक्षातही राहत नाही. कादंबरीच्या शेवटी तो खुद्द हुकलाही विसरलेला असतो, परीलाही. बाल्य आणि विस्मरण ही जोडी बॅरींनी 1911 सालीच जुळवून ठेवली होती.)

स्वतःच्या पहिल्या आठवणीचं वय लोकांना विचारलं, तर सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास येते. त्याआधी जवळजवळ अंधार आणि नंतर सहा-सात वर्षांपर्यंत तुरळक दिवे. याला बाल्यविस्मृती म्हणतात. फ्रॉइडचं म्हणणं होतं, की लहानपणच्या लाजिरवाण्या गोष्टी मन दाबून टाकतं. ते बाजूला ठेवू. उंदरांच्या पिल्लांनाही हे विस्मरण होतं, आणि त्यांना लाजायचं काय कारण?

गंमत म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला अडीच वर्षांचं असतानाचं बरंच आठवतं. तुमच्या घरात असं मूल असेल तर विचारून पाहा. म्हणजे आठवण तयार होत नाही असं नाही. ती पुढे कधीतरी हरवते. कधी, ते पॅट्रिशिया बॉवर आणि मरीना लार्किना यांनी 2014 साली दाखवलं. तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या अलीकडच्या अनुभवांबद्दल बोलतं केलं, आणि पुढे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या वयात तेच प्रसंग विचारले. पाच ते सात या वयात मुलांना निम्म्याहून बरेच जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम पस्तीस टक्के. म्हणजे आपलं तान्हेपण आपण म्हातारपणी विसरत नाही, दुसरी-तिसरीत असतानाच विसरतो!

भाषेचाही यात हात आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी एक जादूचं यंत्र बनवलं. वरून मोठं खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, आवाज होतो, दिवे लागतात, आणि खाली तेच खेळणं छोटं होऊन येतं. दोन ते साडेतीन वर्षांची मुलं यावर काय खूश झाली असतील! सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्यांना पुन्हा विचारलं. मुलांनी चित्रं बरोबर ओळखली, यंत्र चालवूनही दाखवलं. पण शब्दांत सांगताना एकाही मुलाने असा शब्द वापरला नाही, जो त्या प्रसंगाच्या वेळी त्याला येत नव्हता. मधल्या काळात भाषा वाढली होती; जुन्या आठवणीचं मात्र नव्या भाषेत भाषांतर झालं नव्हतं. त्याच देशातल्या माओरी लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बरीच आधीची. माओरी घरांत मुलांना जुने प्रसंग पुन्हा पुन्हा, तपशिलात सांगायची रीत आहे, ती यामागे असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पण उंदीर तर बोलत नाहीत. मग ते का विसरतात? इथे माझा सगळ्यात आवडता भाग सुरू होतो, आणि संपादकांनी मला आवरावं अशी वेळही.

टोरंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात, ‘सिककिड्स’मध्ये, पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन हे दांपत्य आठवणींवर काम करतं. (बॅरींनी 1929 साली पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्याच रुग्णालयाला देऊन टाकले होते. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.) उंदरांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, की उंदीर पळतात आणि पळाल्याने त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी नोंदवणाऱ्या भागात नव्या चेतापेशी जन्मतात. व्यायामाने स्मरणशक्ती सुधारते ती यामुळेच, असं आपण वाचलेलं असतं. पण या मंडळींनी क्रम बदलला. आधी उंदराला एका पेटीत हलका विजेचा झटका दिला. असा उंदीर पुन्हा त्या पेटीत ठेवला, की जागीच थिजतो. थिजला म्हणजे त्याला आठवतंय. मग या उंदरांना काही आठवडे चाकावर पळवलं आणि पुन्हा त्याच पेटीत ठेवलं. ते फारसे थिजेनात. नव्या पेशी आल्या, जुनी आठवण गेली.

पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी धो धो जन्मत असतात. त्यांचा जन्म कमी केल्यावर पिल्लांना आठवण जास्त टिकवता आली. आणि यावर कडी म्हणजे गिनीपिग. गिनीपिगचं पिल्लू जन्मतःच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतं. त्याचा मेंदू आईच्या पोटातच बराच तयार झालेला असतो, नव्या पेशींचा पूर ओसरलेला असतो. ते पिल्लू विसरत नाही. औषधाने त्याच्या मेंदूत नव्या पेशी वाढवल्या, की तेही विसरतं! हे सगळं 2014 साली ‘सायन्स’मध्ये आलं तेव्हा मी तो लेख दोनदा वाचला होता.

नव्या पेशींनी असं होतं तरी काय? जुन्या गावांत पत्ता सांगायची रीत आठवा: पिंपळापासून डावीकडे, पिठाच्या गिरणीमागे, तिसरं घर. आता गावात रोज नवी घरं उठताहेत. पिंपळ पडला, गिरणीच्या जागी दुकानं आली, बोळ बंद होऊन दुसरा निघाला. तिसरं घर जागच्या जागी आहे, आत माणूसही आहे, पण पोस्टमन पोचत नाही.

हेच जरा नेटकं सांगायचं तर: हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस नावाच्या पट्टीत नव्या पेशी जन्मतात आणि त्यांचे तंतू सीए-3 या शेजारच्या पट्टीतल्या पेशींना जाऊन मिळतात. आठवण म्हणजे एका प्रसंगी एकत्र पेटलेल्या पेशींचा गट. याला एन्ग्राम म्हणतात. सीए-3 मधल्या पेशी आपसात भरपूर जोडलेल्या असल्यामुळे गटातल्या थोड्या पेशी पेटल्या, तरी बाकीचा गट ओढला जातो. वासावरून अख्खं स्वयंपाकघर आठवतं ते असं. नवी पेशी आली, की तिला जोडण्यासाठी जागा लागते आणि ती जुन्या जोडण्यांशी स्पर्धा करते. काही जुन्या जोडण्या सुटतात, काही दुबळ्या होतात. मग तोच इशारा आला तरी गटातल्या पुरेशा पेशी पेटत नाहीत आणि गट पूर्ण होत नाही. (इथपर्यंत आलेल्या वाचकाने एक घोट चहा घ्यावा.)

घर शाबूत असेल आणि वाटच मोडली असेल, तर पोस्टमनला थेट छपरावर उतरवता येईल का? याच प्रयोगशाळेतल्या ॲक्सेल गुस्क्योलेन यांनी 2018 साली नेमकं ते केलं. सतरा दिवसांच्या पिल्लांना पेटीत झटका दिला. त्यांच्या जनुकांत आधीच अशी सोय केलेली होती, की त्या वेळी ज्या चेतापेशी कामात होत्या, त्यांच्यावर कायमची खूण पडावी. खूण म्हणजे चॅनलऱ्होडॉप्सिन, हिरव्या शेवाळातलं एक प्रथिन. निळा प्रकाश पडला, की ते आपलं दार उघडतं आणि पेशी पेटते. पिल्लं मोठी झाली, नेहमीप्रमाणे सगळं विसरली. मग प्रकाशतंतूने मेंदूत निळा उजेड सोडला. तीन महिन्यांनंतरही, म्हणजे उंदीर पुरता प्रौढ झाल्यावर, तो थिजला. विसरलेलं बाळपण आत होतंच.

बरं, टेडी म्हणजे काही लेसर नव्हे. पण न्यूयॉर्क विद्यापीठात क्रिस्टिना अल्बेरिनी यांनी 2016 साली दाखवलं, की सतरा दिवसांच्या पिल्लाची हरवलेली आठवण मोठेपणी साध्या स्मरणखुणांनीही परत येऊ शकते. आधी जुनी जागा दाखवायची, मग काही दिवसांनी वेगळ्याच ठिकाणी पुन्हा एक झटका द्यायचा. दोन्ही मिळाले, की आठवण वर येते. एकट्याने भागत नाही. वेंडी आजीचं सांगणं वाया गेलं आणि टेडीचा स्पर्श कामी आला, हे स्पीलबर्गचं बरोबर होतं म्हणायचं. निदान उंदरापुरतं.

माणसाचं काय? येल विद्यापीठातल्या ट्रिस्टन येट्स आणि निक टर्क-ब्राउन यांच्या गटाने 2025 साली चार महिने ते दोन वर्षांच्या 26 बाळांना जागेपणी एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कामात आहे, ते हे यंत्र दाखवतं) चित्रं दाखवली. (जागं बाळ त्या यंत्रात स्थिर ठेवणं हाच मुळात मोठा पराक्रम.) जे चित्र पाहताना हिप्पोकॅम्पस जास्त सक्रिय झाला, त्या चित्राकडे बाळ नंतर ओळखीच्या नजरेने जास्त वेळ पाहत होतं. वर्षापुढच्या बाळांत हा परिणाम अधिक ठळक होता. म्हणजे नोंद होते. ती पुढे कुठवर टिकते, हे माणसाच्या मेंदूत निळा दिवा लावून पाहता येत नाही. नव्या पेशींचा मुद्दाही माणसात भांडणाचा आहे: 2018 साली एकाच वसंतात दोन शोधनिबंध आले. एक म्हणाला, मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी सापडतच नाहीत. दुसरा म्हणाला, म्हातारपणापर्यंत बनतात. लहान मुलांत त्या बनतात, याबद्दल मात्र वाद नाही.

एवढ्या भांडवलावर आपल्याकडे केवढी दुकानं उघडली आहेत! शनिवार-रविवारच्या शिबिरात ‘तुमच्यातलं हरवलेलं मूल’ शोधून देतात. संमोहनाने मागचा जन्म आठवून देणारे तर गल्लोगल्ली. स्वतःचा दुसरा वाढदिवस आठवत नाही, पण गेल्या जन्मीचं मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा खडाखडा सांगतात. गर्भसंस्काराच्या वर्गात अभिमन्यूचा दाखला असतोच. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं हे खरं. पण आवाज ओळखणं वेगळं आणि चक्रव्यूहाचा नकाशा पाठ असणं वेगळं. त्या अभिमन्यूलाही बाहेर यायची वाट ठाऊक नव्हती, हे या वर्गांत फारसं कुणी सांगत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. पीटरला बाबागाडी आठवली हे एकवेळ मान्य करू. पण ती त्याला खरीच आठवली, हे कसं ठरवायचं? 2018 साली ब्रिटनमधल्या एका सर्वेक्षणात 6,641 जणांनी आपली पहिली आठवण लिहून दिली. त्यातल्या जवळजवळ चाळीस टक्के लोकांनी ती दोन वर्षांची किंवा त्याहूनही आधीची सांगितली. अनेकांची तर बाबागाडीतलीच! संशोधकांच्या मते यातल्या बहुतेक आठवणी घरच्यांच्या बोलण्यातून आणि फोटोंतून जुळत गेलेल्या आहेत. सांगणारे खोटं बोलत नव्हते. किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी 2002 साली वीस जणांचे बालपणीचे फोटो घरच्यांकडून मिळवले आणि एका फोटोत त्यांना गरम हवेच्या फुग्यात बसवलं. एकही जण प्रत्यक्षात फुग्यात बसला नव्हता. दोन आठवड्यांत तीनदा विचारल्यावर निम्म्यांना त्या सफरीचं थोडं किंवा बरंच ‘आठवलं’.

माझी पहिली आठवण तीनचाकी सायकलची आहे. लाल रंग, हँडलला रिबिनी, आमच्या अंगणात मी गोल गोल फिरतोय. ती माझ्या इतकी ओळखीची आहे, की तिच्यात मी स्वतःला समोरून पाहतो हे विचित्र आहे, असं मला कधी वाटलंच नाही. ‘हुक’ पाहून झाल्यावर मावशीला फोन केला आणि सहज विचारलं, ती सायकल पुढे कुणाला दिली?

“अरे, कुठली सायकल?” मावशी म्हणाली. “ती फोटो स्टुडिओतली. तुला उतरवताना केवढा रडलास.”