जूनच्या संध्याकाळी विरू राबा: येण्याआधी एवढं वाचून घ्या

एस्टोनियाच्या राजधानीजवळ, टॅलिनजवळ, विरू राबा नावाची दलदल आहे, तिथे आम्ही संध्याकाळची ट्रिप नेतो. फोनवर पहिला प्रश्न हमखास हाच येतो, की रात्रीचं जंगलात अंधारात पोरांना घेऊन कसं जायचं? अहो अंधार नसतोच. टॅलिनला 20-22 जूनच्या आसपास सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे चारला परत हजर, मधल्या वेळात तो क्षितिजाखाली फार खोल जात नाही म्हणून मध्यरात्रीही आभाळ निळसर उजेडाचं असतं. दाट झाडीत थोडं काळोखं वाटतं, तेवढ्यापुरती टॉर्च आमच्या गाइडकडे असते.

आता ट्रेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड येतो, तसलं इथे काही नाही. चढ नाही, दम लागत नाही. विरू राबा ही लाहेमा नॅशनल पार्कमधली दलदल, टॅलिनपासून पूर्वेला नार्वा हायवेने साधारण 50 किलोमीटर. हे पार्क 1971 साली झालं, सोव्हिएत काळातलं पहिलं नॅशनल पार्क. वाट एका बाजूने साडेतीन किलोमीटर, गोल फिरून आलात तर सहा किलोमीटरच्या आसपास. आधी पाइनचं जंगल लागतं, मग झाडं बुटकी होत जातात आणि एकदम सगळं मोकळं, दोन्हीकडे शेवाळ आणि पाण्याची डबकी, मधून लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक. वाटेत वरून बघायला एक मनोरा आहे, तिथपर्यंतचा भाग रुंद आहे, बाबागाडी जाते. मनोऱ्यावर मात्र जिने चढायचेत, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांनी खालीच बसलं तरी चालेल, खालूनही छान दिसतं.

आम्ही साडेसातला शहरातून गाडीने निघतो, बारापर्यंत परत सोडतो. लहान मुलांना दुपारी झोपवून आणा, हे खरंच सांगतोय, उजेड असल्यामुळे दहा वाजलेत हे कुणालाच कळत नाही आणि मग अकराला अचानक भोकाड.

पायाखाली काय आहे ते थोडं सांगतो म्हणजे पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. या दलदलीला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. वाढतं ते मुख्यतः स्फॅग्नम नावाचं शेवाळ, स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतं आणि आजूबाजूचं पाणी आंबट करतं. त्या आंबट, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मेलेलं शेवाळ कुजत नाही, साठत जातं, त्याचं पीट होतं, वर्षाला साधारण 1 मिलिमीटर. म्हणजे पाच मीटर जाडीचा थर व्हायला पाच हजार वर्षं. तुमच्या खांद्याएवढं दिसणारं पाइनचं झाड शंभर वर्षांचं असू शकतं, खायलाच मिळत नाही तर वाढणार कुठून. तिथली दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा ही वनस्पती म्हणूनच किडे धरून खाते, लाल केसांवर चिकट थेंब असतात. कासच्या पठारावर तिच्या जातभाई पाहिल्या असतील तर लगेच ओळखाल, नसेल तर गाइडला विचारा, वाकून बघावं लागतं एवढी छोटी असते.

म्हणून फळीवरून खाली उतरायचं नाही. फोटोसाठी पण नाही. एक पाय पडला की शेवाळ दबतं आणि ती खूण कितीतरी वर्षं राहते, शिवाय पाय गुडघ्यापर्यंत आत गेला तर बूट काढताना जी मजा होते ती तुम्हाला नको असणार. आणि संत्र्याची साल, शेंगांची टरफलं "कुजतील की" म्हणून टाकू नका, आत्ताच सांगितलं ना इथे काही नीट कुजत नाही, सगळा कचरा डब्यात परत घरी. सिगरेट अजिबात नाही, कोरड्या दिवसांत पीटला आग लागली तर ती जमिनीच्या आतून धुमसत राहते आणि विझवणं महाकठीण.

पोहायचं असेल तर पोहा, आमची ना नाही. पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं पण घाण नसतं, तो पीटचा रंग. फक्त जिथे फळी आणि शिडी आहे तिथेच उतरा, बाकी काठ म्हणजे तरंगतं शेवाळ, धरायला गेलात की हातातच येतं. वरचं पाणी कोमट लागलं म्हणून सूर मारू नका, खाली एकदम गार असतं. पोहता न येणाऱ्यांनी काठावर बसून पाय सोडावेत.

कपडे: फुल पँट, फुल बाह्या, मोजे पँटच्या वर. जूनमध्येही सूर्य मावळला की थंडी पडते, दहा-बारा डिग्री धरून चला, स्वेटर हवाच. दवाने फळ्या निसरड्या होतात त्यामुळे चप्पल घालून आलात तर आम्ही गाडीतच थांबवू, राग मानू नका. डास भरपूर, क्रीम आमच्याकडे असतं पण त्वचेला काय चालतं ते तुम्हाला माहीत, आपलं आणलेलं बरं. पांढऱ्या फुलांचं उग्र वासाचं सोकैल नावाचं झुडूप लागेल, फार वेळ जवळ थांबलं की काहींचं डोकं दुखतं.

गोचीड मात्र गंभीर विषय आहे. इथल्या गोचिडीतून लाइम हा जिवाणूंचा आजार आणि मेंदूज्वराचा विषाणू दोन्ही येऊ शकतात. मेंदूज्वराची लस आहे, पण डोस काही महिन्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे हिवाळ्यातच सुरू करा. ही लस लाइमवर चालत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर काखा, जांघा, कानामागे, मुलांचं डोकं नीट तपासा, चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेलबिल लावू नका. नंतर लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर फॅमिली डॉक्टर गाठा.

23 जूनला आमची ट्रिप नसते. त्या संध्याकाळी इथे यानिपाएवच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, शेकोट्या पेटतात, आमचा गाइड एस्टोनियन आहे आणि तो आपल्या गावी जातो, त्याला थांबवायची आमची हिंमत नाही. तुम्हीही त्या दिवशी ओळखीच्या कुणाकडे शेकोटीला जा, दलदल 25 तारखेलाही तिथेच असते.

साधा पाऊस असेल तर जातो, रेनकोट आणा. विजा चमकणार असतील तर ट्रिप रद्द, दुपारी चारपर्यंत मेसेज करतो, पैसे पूर्ण परत किंवा दुसरी तारीख, तुम्ही म्हणाल तसं.